स्मशानभूमीतील वृक्ष आणि परतीचे पक्षी

पक्ष्यांच्या स्थलांतराचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धरणाचे विस्तीर्ण पाणी उभे राहते. बेळगाव जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर गोकाक तालुक्यातील धुपदाळचा जलाशय आणि तेथील घटप्रभा पक्षी अभयारण्य या दृष्टीने प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात तेथे उतरणारे क्रौंच आणि रानबदके दुरूनही दिसतात, म्हणून त्यांची वार्ता होते. परंतु त्याच सुमारास आठ-दहा ग्रॅम वजनाचे असंख्य लहान पक्षी युरोप व सायबेरियापासूनचे अंतर तोडून या भागातील झाडाझुडपांत येऊन राहतात आणि फाल्गुन-चैत्रात निमूटपणे परत जातात. त्यांच्या येण्याची वा जाण्याची कोणी दखल घेत नाही. हे पक्षी शहराच्या मध्यभागीही उतरतात, आणि तेथे त्यांना हमखास आसरा देणारी जागा म्हणजे स्मशानभूमी होय.

हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. स्मशानात आपली नजर पक्ष्याकडे वळते ती बहुधा एकाच प्रसंगी: दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवतो की नाही हे पाहताना. त्या कावळ्याच्या मागेपुढे, त्याच पिंपळाच्या किंवा वडाच्या शेंड्यावर आणखी कोण बसले आहे, हे पाहण्याची ती वेळही नसते आणि मनःस्थितीही नसते. एखाद्या शांत सकाळी मात्र याच जागी शिस्तीने पक्षीनिरीक्षणाची फेरी काढली, तर शाळेतील मुलांना, गावकऱ्यांना आणि त्या जागेची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनाही पुष्कळ काही शिकता येते.

परतीचा प्रवास कसा घडतो

हिवाळी पाहुण्यांचे आगमन साधारणतः ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत चालते. परतीचा प्रवास मार्च ते मे या काळात होतो. येताना पक्षी बऱ्याच सावकाशीने येतात. परतताना मात्र घाई असते. उत्तरेकडील उन्हाळा थोड्या दिवसांचा असतो. तेवढ्यात घरटे बांधून, अंडी उबवून, पिलांना पंखांवर उभे करावयाचे असते. जो नर आधी पोहोचेल त्याला घरट्यासाठी चांगली जागा मिळण्याची शक्यता अधिक असते.

निघण्याची वेळ पक्ष्याला कशी कळते? याचे प्रमुख कारण वाढता दिवस हे होय. कॅनडातील प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रोवन यांनी १९२४ सालापासून केलेल्या प्रयोगांत, कडाक्याच्या हिवाळ्यात पिंजऱ्यातील पक्ष्यांचा दिवस विजेच्या दिव्यांनी लांबविला. थंडी कायम असतानाही त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत ऋतूत होणारे बदल घडून आले. बेळगावच्या अक्षांशावर डिसेंबरातील दिवस सुमारे सव्वाअकरा तासांचा, तर जूनमधील दिवस सुमारे तेरा तासांचा असतो. फरक दोन तासांहूनही कमी. तथापि दिवस मोठा होऊ लागल्याची जाणीव पक्ष्याच्या शरीराला येथेही होते. त्याची भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते आणि ती चरबी हीच पुढील प्रवासाची शिदोरी ठरते.

बहुतेक लहान पक्षी हा प्रवास रात्री करतात. रात्री हवा थंड व स्थिर असते, ससाण्यांचे भय कमी असते आणि दिवस भक्ष्य शोधण्यासाठी मोकळा राहतो. दिशा ओळखण्यासाठी त्यांना सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा उपयोग होतो. अमेरिकेतील स्टीफन एम्लेन यांनी १९६० नंतरच्या दशकात तारांगणातील कृत्रिम आकाशाखाली पक्षी ठेवून त्यांची ताऱ्यांवरील भिस्त सिद्ध केली.

रात्रभर उडालेला पक्षी पहाटे खाली उतरतो, तेव्हा त्याला तीन गोष्टी तातडीने हव्या असतात: पाणी, किडे आणि लपण्यापुरती दाट पाने. खाली सर्वत्र छपरे व रस्ते असतील, तर मध्येच दिसणारा हिरवा ठिपका त्याच्या दृष्टीने धर्मशाळेसारखा असतो. तेथे एक-दोन दिवस विसावून, शिदोरी पुन्हा भरून तो पुढे निघतो. तो ठिपका नाहीसा झाला तर पुढचा मुक्काम गाठण्याचे बळ त्याच्या अंगात उरलेलेच असेल असे नाही.

स्मशानभूमीच का?

शहरातील बागेत झाडे असतात. परंतु तेथे पालापाचोळा रोज झाडला जातो, झुडपे कातरली जातात, माणसांची वर्दळ असते आणि रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. स्मशानभूमीचे तसे नाही. तेथील झाडाला हात लावण्यास मनुष्य कचरतो. त्यामुळे वड, पिंपळ, चिंच, करंज, कडुनिंब हे वृक्ष पूर्ण वाढतात, म्हातारे होतात आणि त्यांना ढोल्या पडतात. पाला जागेवर कुजतो व त्यात किडे वाढतात. पुष्कळ स्मशाने नदीच्या किंवा ओढ्याच्या काठी असल्यामुळे पाणीही जवळ असते.

श्रद्धेमुळे कुऱ्हाड न लागलेली जमीन कशी समृद्ध होते, हे सह्याद्रीतील देवरायांवरून आपणांस ठाऊक आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रीय जगापुढे मांडले. देवराई देवाच्या धाकाने राहिली, स्मशान मृत्यूच्या धाकाने राहिले. निसर्गाच्या पदरात पडलेले फळ मात्र बरेचसे सारखेच आहे.

बेळगाव-निपाणी भागात अशा जागांचे अनेक प्रकार आढळतात. हिंदूंच्या दहनभूमी, लिंगायत समाजाच्या रुद्रभूमी, मुसलमानांची कब्रस्ताने आणि ख्रिस्ती दफनभूमी या सर्वांत वृक्ष राखण्याची रीत कमीअधिक प्रमाणात आहे. ख्रिस्ती व मुसलमानांच्या दफनभूमीत चाफा हटकून लावलेला असतो. दफनासाठी जमीन मोकळी ठेवावी लागत असल्याने अशा आवारात झाडे, गवत आणि उघडी माती यांची सरमिसळ राहते. झाडावर किडे टिपणारा, गवतात बिया वेचणारा आणि उघड्या जमिनीवर धावणारा, असे तिन्ही प्रकारचे पक्षी तेथे एकाच फेरीत दिसू शकतात.

या भागाचे विशेष स्थान

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेस खानापूर, जांबोटी, चोर्ला या बाजूला सह्याद्रीचे दाट अरण्य. पूर्वेस गोकाक-अथणीकडे कोरडे माळ. उत्तरेस सुमारे ७५ किलोमीटरवर निपाणी असून तिच्या आसपास तंबाखू, ज्वारी व ऊस यांची शेते आणि वेदगंगा-दूधगंगेचे खोरे आहे. अरण्य आणि माळ यांच्या सीमेवर असल्याने दोन्हीकडचे पक्षी येथे भेटतात.

ही गोष्ट पूर्वीच्या निरीक्षकांच्याही ध्यानात आली होती. कॅप्टन ई. ए. बटलर या लष्करी अधिकाऱ्याने १८७९-८० च्या सुमारास बेळगाव परिसरात पक्ष्यांच्या घरट्यांच्या तारीखवार नोंदी केल्या. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे प्रसिद्धीस आलेले ए. ओ. ह्यूम हे त्या काळचे थोर पक्षीतज्ज्ञ होते. भारतीय पक्ष्यांची घरटी व अंडी यांवरील त्यांच्या ग्रंथात बटलर यांच्या बेळगावच्या नोंदी समाविष्ट झाल्या. शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्या उपयोगी पडतात, कारण त्यांत तारीख आणि ठिकाण दिलेले आहे. साध्या नोंदीचे मोल यावरून समजावे.

कर्नाटकाशी निगडित असा दुसराही इतिहास आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात माकडांचा व माणसांचा एक नवा ताप आढळला. त्याचा विषाणू रशियाकडील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता असल्याने, तो स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून आला असावा काय, अशी शंका निघाली. तिच्या अनुषंगाने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालीम अली यांच्या नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याचे मोठे काम हाती घेतले. आपल्याकडे येणारे पक्षी कोठून येतात, याची पुष्कळशी माहिती या कड्यांनी दिली.

फेरीत काय दिसेल?

मार्च महिन्यात काटेसावर व पांगारा यांच्या लाल फुलांवर भोरड्यांची झुंबड उडते. गुलाबी अंग आणि काळे डोके असलेल्या या मैनेला पळसमैना असेही म्हणतात. ज्वारीच्या कणसांवर पडणाऱ्या भोरड्या शेतकऱ्याला परिचित आहेत व त्यांचा उपद्रवही खरा आहे. पण हाच पक्षी मध्य आशियातील आपल्या वीणस्थानी टोळ व नाकतोडे यांचा फडशा पाडतो. चीनच्या सिंक्यांग प्रांतात तो यावा म्हणून त्याच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात. एप्रिलमध्ये भोरड्यांचे थवे निघून जातात. जाण्यापूर्वी त्यांचा गुलाबी रंग खुलतो. पांढऱ्या धोब्याच्या गळ्यावरही याच दिवसांत काळा रंग चढू लागतो. उघड्या मातीवर शेपटी थरथरवीत फिरणारा थिरथिरा मार्चअखेरीस विरळ होतो आणि ज्वारीच्या रानांतून भारीट पक्ष्यांचे थवेही याच सुमारास उत्तर-पश्चिमेकडे वळतात.

एप्रिल महिना बारीक पक्ष्यांचा. पर्णवटवट्या हा हिरवट रंगाचा, चिमणीहून पुष्कळ लहान पक्षी चिंचेच्या पानांत सतत हालचाल करीत असतो. तो डोळ्यांना सापडण्यापूर्वी ‘चिस्वी’ असा त्याचा दोन अक्षरी आवाज कानी पडतो. खालच्या झुडपातून ‘चक् चक्’ असा दोन गोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा आवाज आला, तर तो ब्लिथ या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा वटवट्या समजावा. त्याचे घर फिनलंडपासून सायबेरियापर्यंत पसरलेल्या प्रदेशात असते. सावलीतल्या फांदीवर बसून शेपटी वर उचलणारी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा रंग दाखविणारी लिटकुरीही अशीच दूरची पाहुणी आहे. वड-पिंपळ-उंबर पिकले असतील तर कोकीळ, तांबट, बुलबुल व हळद्या यांची गर्दी होते. नशीब असेल तर लांब पांढऱ्या फितीसारखी शेपटी मिरविणारा स्वर्गीय नर्तकही दिसतो.

मे महिन्याच्या उत्तरार्धात पाहुणे बदलतात. उत्तरेकडे जाणारे निघून गेलेले असतात आणि पावसाबरोबर येणारे येऊ लागतात. दक्षिणेत हिवाळा काढलेला नवरंग पक्षी विणीसाठी वर सरकताना पालापाचोळ्यात किडे उकरताना आढळू शकतो. आफ्रिकेकडून येणारा चातक मोसमी पावसाची वर्दी देतो. अशा रीतीने फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत एकाच आवारातून तीन दिशांची वाहतूक होते.

घुबडाविषयीची भीती

स्मशानातील जुन्या ढोलीत पिंगळा आणि पडक्या भिंतीत गव्हाणी घुबड हे बारमाही रहिवासी असतात. त्यांच्याविषयीची अशुभाची समजूत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषिकांत सारखीच आढळते. मराठीत घुबड, कन्नडमध्ये गूबे, आणि दोन्ही शब्द शिवीसारखे वापरले जातात. वस्तुतः गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीर होय. उसाच्या व भुईमुगाच्या रानांत उंदरांमुळे होणारे नुकसान ज्यांनी सोसले आहे, त्यांनी तरी या पक्ष्याला दगड मारू नये.

स्मशानाविषयीची भीती घालविण्याचे प्रयत्न या भागात झाले आहेत. बेळगावातील सदाशिवनगर स्मशानभूमीत २०१४ सालापासून ६ डिसेंबर रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महापरिनिर्वाण दिनी, अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम घेतला जाऊ लागला. लोकांनी स्मशानात एकत्र भोजन केले व तेथे रात्रही काढली. भीती गेली की कुतूहलाला वाव मिळतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. ज्या धाकाने आजवर झाडे राखली तो धाक गेला, आणि त्याची जागा जाणतेपणाने घेतली नाही, तर त्या झाडांना राखणदारच उरणार नाही.

इतरत्रचा अनुभव

अमेरिकेतील बोस्टन शहराजवळ केंब्रिज येथे माउंट ऑबर्न नावाची दफनभूमी १८३१ साली स्थापन झाली. सुमारे ७० हेक्टरांच्या या आवारात आरंभापासून वृक्षांची जोपासना करण्यात आली. सभोवती शहर वाढत गेले आणि ही जागा प्रवासी पक्ष्यांचे बेट बनली. एप्रिलअखेरीस व मे महिन्यात तेथे दरवर्षी पहाटेपासून पक्षीनिरीक्षकांच्या फेऱ्या निघतात. विल्यम ब्रूस्टर हे नामवंत पक्षीतज्ज्ञ तेथेच चिरविश्रांती घेत आहेत. पक्षी पाहण्यास येणारे आणि आप्तांच्या समाधीवर फुले वाहण्यास येणारे यांचा तेथे एकमेकांस उपद्रव होत नाही, कारण आवाराचे नियम दोघांनाही सारखेच लागू असतात.

आपल्याजवळचे उदाहरण मुंबईतील शिवडी येथील ख्रिस्ती दफनभूमीचे देता येईल. आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने १८६५ साली ती ज्या जागेवर झाली, तेथे पूर्वी शेती-बागायत संस्थेचे उद्यान होते. गजबजलेल्या मुंबईत आजही ते झाडीचे आवार टिकून आहे.

फेरी कशी काढावी?

प्रथम त्या जागेची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेची, मग ती महानगरपालिका असो, नगरपालिका, ग्रामपंचायत, विश्वस्त मंडळ किंवा चर्च असो, रीतसर परवानगी घ्यावी. अंत्यविधी चालू असेल तर फेरी त्या दिवशी रद्द करावी. बाजूला उभे राहून थांबणेही योग्य नव्हे. शब-ए-बारात, २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस अशा प्रसंगी त्या त्या दफनभूमीत जाऊ नये. समाधीवर किंवा कबरीवर पाय देऊ नये, बसू नये, दप्तर ठेवू नये. शोकाकुल व्यक्तीचे छायाचित्र चुकूनही येता कामा नये.

फेरीत दहा-बारांहून अधिक माणसे नसावीत. सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम. दुर्बीण असल्यास बरे, नसल्यास अडत नाही. कान उघडे ठेवणे अधिक महत्त्वाचे. पक्ष्यांना बोलावण्यासाठी भ्रमणध्वनीवरून त्यांचे आवाज वाजवू नयेत. आधीच थकलेला पक्षी त्यामुळे नाहक दमतो.

शिक्षकांनी एक वही घालावी. तीत तारीख, वेळ, हवामान, झाडाचे नाव, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता, असे रकाने असावेत. सीमाभागातील शाळांनी मराठीबरोबर कन्नड नावही लिहावे. फेरी दर आठवड्यास त्याच वाटेने व त्याच वेळी काढावी. पक्षी न दिसल्यास तेही लिहावे. ‘१० एप्रिलनंतर भोरडी दिसली नाही’ हीसुद्धा मोलाची माहिती होय. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव न लिहिता केवळ वर्णन लिहावे. अशाच हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तयार झाला. त्यात ९४२ जातींचा विचार करण्यात आला आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष देणे आवश्यक असल्याचे दाखविण्यात आले.

काय गमावण्याची भीती आहे?

अलीकडे स्मशानभूमीच्या सुधारणेची कामे सर्वत्र होत आहेत. शेड, पाणी, बसण्याची सोय, वाट या गरजा रास्तच आहेत. दुःखात असलेल्या माणसाला चिखलातून जावे लागू नये. परंतु सुधारणेच्या ओघात संपूर्ण आवारावर फरशी घालणे, रात्रभर जळणारे उंच दिवे उभारणे, पालापाचोळा पेटवून देणे आणि ढोली पडलेले झाड ‘निकामी’ ठरविणे हे प्रकार टाळता येण्यासारखे आहेत. शंभर वर्षांचा वड तोडून त्याच्या जागी शोभेची शंभर रोपे लावली, तरी त्या वसंतात पहाटे उतरलेल्या पक्ष्याला त्यांचा काही उपयोग नसतो.

कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमानुसार, सवलतीच्या काही जाती वगळता, झाड तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. महाराष्ट्रातील नागरी भागांसाठी १९७५ चा अधिनियम आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांनाही संरक्षण आहे. कायद्याचे हे बळ हाताशी असले, तरी परवानगीच्या अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे त्या झाडाची माहिती असावी लागते. कोणत्या झाडाच्या ढोलीत पिंगळा राहतो, कोणत्या उंबरावर एप्रिलमध्ये हळद्या येतो, हे शाळेच्या वहीत तारखेनिशी लिहिलेले असेल, तर झाडाच्या बाजूने बोलणारा कागद तयार असतो. मग धोकादायक फांदी तेवढी उतरवून झाड राखता येते, छाटणी विणीचा हंगाम टाळून करता येते, दिव्यांना खाली वळविलेली टोपी बसविता येते आणि आवाराचा एक कोपरा पाल्यासकट तसाच सोडता येतो. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. कडक उन्हाळ्यात पाण्याचे एक उथळ भांडे सावलीत ठेवण्यास तर मुळीच नाही.

वहीची सुरुवात करताना प्रथम त्या आवाराची राखण करणाऱ्या माणसाला विचारावे. कोणत्या ढोलीतून सायंकाळी काय बाहेर येते, कोणत्या झाडावर फुले आली की कोणता थवा उतरतो, हे वर्षानुवर्षे तेथे राहिल्याने त्याला माहीत असते. ते कोणी लिहून घेतलेले नसते, इतकेच. वहीच्या पहिल्या पानावर त्याने सांगितलेली माहिती असावी. पुढील पाने मुलांनी भरावीत.